प्रश्नाचे शस्त्र : ‘क्यूअर’ या जपानी चित्रपटातील संमोहनाचे भाषिक स्वरूप

१

संमोहन आणि गुन्हा यांची सांगड चित्रपटाने आपल्या बाल्यावस्थेतच घातली. रोबेर्ट वीने यांच्या ‘कालिगारी’ (१९२०) या जर्मन मूकपटात जत्रेतील एक मांत्रिक निद्रिस्त तरुणाकडून खून करवून घेतो. फ्रिट्स लांग यांच्या ‘डॉक्टर माबुझ’ (१९२२) या दोन भागांच्या मूकपटात जुगारी आणि वेषांतरपटू असा एक मानसवैद्य नुसत्या दृष्टिक्षेपाने माणसांची इच्छाशक्ती हरण करतो. दोन्ही ठिकाणी संमोहनाची कल्पना एकच आहे. एक प्रबळ इच्छा दुसऱ्या दुर्बळ इच्छेवर स्वार होते आणि दुर्बळ माणूस तिचे केवळ साधन बनतो. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे संमोहन आज्ञार्थाचे आहे.

मूकपटाला आज्ञा ऐकविता येत नव्हती. म्हणून त्याने ती लिहून दाखविली. ‘कालिगारी’मध्ये वेड्यांच्या इस्पितळाच्या प्रमुखाभोवती, भिंतींवर आणि झाडांच्या फांद्यांमध्ये, त्याने कालिगारी व्हावे असे बजावणारी अक्षरे उमटतात. ‘माबुझ’मध्ये संमोहित सरकारी वकील मोटार हाकीत मृत्यूच्या दिशेने निघतो, तेव्हा त्याला जेथे जावयाचे त्या खाणीचे नाव पडद्यावर तरळू लागते. पुढे ध्वनी आला आणि लांग यांनी ‘डॉक्टर माबुझचे मृत्युपत्र’ (१९३३) या बोलपटात आज्ञेला आवाज दिला. गुन्हेगारांच्या टोळीला पडद्याआडून हुकूम मिळत असतात. परंतु पडदा दूर होतो तेव्हा त्यामागे लाकडी आकृती आणि ध्वनिक्षेपक एवढेच आढळते. आज्ञा आहे, पण आज्ञा देणारा जागेवर नाही. जर्मनीतील नव्या राजवटीने त्याच वर्षी या बोलपटावर बंदी घातली.

या परंपरेच्या पार्श्वभूमीवर कियोशी कुरोसावा यांचा ‘क्यूअर’ (१९९७) हा जपानी चित्रपट पाहिला म्हणजे त्याचे वेगळेपण ध्यानात येते. (या दिग्दर्शकाचा अकिरा कुरोसावा यांच्याशी नात्याचा संबंध नाही.) या चित्रपटातही संमोहन आहे, खून आहेत आणि गूढविद्येची छायाही आहे. परंतु त्यातील संमोहक हुकूम सोडताना दिसत नाही. तो प्रश्न विचारतो. संमोहनाचे हे आज्ञार्थाकडून प्रश्नार्थाकडे झालेले स्थित्यंतर हेच ‘क्यूअर’चे खरे कथावस्तू आहे, आणि चित्रपटाचे बळ व त्याच्या मर्यादा या दोन्ही तेथूनच उगम पावतात, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

कथानक थोडक्यात असे. टोकियो आणि तिच्या आसमंतात एकामागून एक खून होत आहेत. प्रत्येक मृतदेहावर गळ्यापासून छातीकडे फुलीच्या आकाराची जखम आहे. मारेकरी मात्र दर वेळी निराळा, बहुधा घटनास्थळाजवळच सापडणारा आणि तोपर्यंत निरुपद्रवी म्हणून ओळखला गेलेला. आपण असे का केले हे त्यांतील कोणालाच धडपणे सांगता येत नाही. त्या क्षणी ते स्वाभाविक वाटले, एवढेच ते सांगू शकतात. ताकाबे हा पोलीस अधिकारी (कोजी याकुशो) आणि साकुमा हा त्याचा मानसशास्त्रज्ञ मित्र या प्रकरणाचा माग काढीत मामिया नावाच्या एका स्मृतिभ्रष्ट तरुणापर्यंत (मासातो हागिवारा) पोहोचतात. मामिया हा पूर्वी वैद्यकाचा विद्यार्थी होता आणि मेस्मर व संमोहनविद्या हा त्याच्या अभ्यासाचा विषय होता, असे पुढे उघडकीस येते.

खून कोणी केला, हा प्रश्न येथे प्रारंभीच सुटलेला असतो, आणि त्यामुळे नेहमीचे रहस्य उरत नाही. उरतात ते दोन प्रश्न. ताकाबेचा प्रश्न ‘का’ हा आहे आणि मामियाचा प्रश्न ‘कोण’ हा आहे. ताकाबेला कृत्यामागील हेतू शब्दांत हवा आहे. हेतू सांगता आला की कृत्य समजले, अशी त्याची व्यावसायिक श्रद्धा आहे. मामियाला हेतूशी कर्तव्य नाही. तो समोरच्या माणसाला इतकेच विचारतो, की तू कोण आहेस.

३

या प्रश्नाची कार्यपद्धती सूक्ष्मपणे पाहण्यासारखी आहे. मामियाचे पहिले दर्शन समुद्रकिनाऱ्यावर घडते. तेथे भेटलेल्या एका शाळाशिक्षकाला तो हे ठिकाण कोणते असे विचारतो. शिक्षक किनाऱ्याचे नाव सांगतो, तेव्हा ते कोठे आले असे विचारतो. प्रांताचे नाव सांगितले, तर तो प्रांत कोणता असे विचारतो. क्षणभराने सारे विसरून तो पुन्हा पहिल्या प्रश्नाशी येतो. सामान्य संभाषणात उत्तर मिळाले की प्रश्न संपतो आणि दोघांच्या समाईक ज्ञानात एका गोष्टीची भर पडते. मामियाच्या विस्मृतीमुळे ही भर कधीच पडत नाही. उत्तर दिले जाते आणि नाहीसे होते. प्रश्न मात्र तसाच उभा राहतो. उत्तर देणाऱ्याला आपलेच शब्द पोकळ भासू लागतात.

दुसरी गोष्ट सर्वनामांची. ‘मी’ आणि ‘तू’ यांचा अर्थ बोलणाऱ्यागणिक सरकतो, हे रोमान याकोबसन यांनी १९५७ मध्ये विवेचिले आहे. ही दोन पदे संवादात सतत अदलाबदल पावतात, ज्याला ‘तू’ म्हटले तोच पुढच्या क्षणी ‘मी’ म्हणून बोलतो, आणि या उलटसुलट होण्यावरच व्यक्तीचे आत्मभान उभे असते, असा एमिल बेनव्हेनिस्त यांचा सिद्धांत आहे. मामिया ही अदलाबदल थांबवितो. त्याला कोणी उलट प्रश्न केला, तर त्याच्याजवळ देण्यासारखा ‘मी’ नसतो. जे आत होते ते सारे बाहेर गेले असून आपण रिकामे आहोत, असेच तो स्वतःविषयी सांगतो. परिणामी समोरचा माणूस अखंड ‘तू’च राहतो. त्याला बोलते केले जाते, परंतु संवादातील बरोबरीची जागा दिली जात नाही.

जपानी भाषेच्या व्यवहारात हा आघात अधिक तीव्र होतो. त्या भाषेत मध्यमपुरुषी सर्वनामाचा वापर जपून केला जातो. व्यक्तीला तिच्या पदाने, व्यवसायाने वा आडनावाने संबोधणे हीच सभ्य रीत. शिक्षकाला वा डॉक्टरला ‘सेन्सेई’ म्हणावयाचे, तर कचेरीतील अधिकाऱ्याला त्याच्या हुद्द्याने हाक मारावयाची. भाषा माणसाला त्याची सामाजिक भूमिका पदोपदी परत करीत असते. मामिया मात्र वरिष्ठांपुढेही आदरार्थी क्रियारूपे टाकून बोलतो आणि ‘अन्ता’ हे सलगीचे, प्रसंगी उद्धट वाटणारे सर्वनाम वापरतो. हे संवाद मराठीत आणू पाहणाऱ्याला ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील निवड करावीच लागेल, आणि त्या निवडीतच दृश्याचा अर्ध्याहून अधिक अर्थ सामावलेला असेल. एकाच मध्यमपुरुषी रूपावर भागविणाऱ्या इंग्रजी उपशीर्षकांत तो बव्हंशी हरवतो.

या दृष्टीने पोलीस अधिकाऱ्यांच्या सभेपुढे मामियाला उभे केले जाते तो प्रसंग मध्यवर्ती ठरतो. फुजिवारा हा वरिष्ठ अधिकारी त्याची तपासणी घेऊ पाहतो, तर मामिया त्यालाच तू कोण असे विचारतो. अधिकारी आपले पद आणि नाव सांगतो. मामिया पुन्हा तोच प्रश्न करतो. हुद्दा सांगून झाला, नाव सांगून झाले, आता तिसरे उत्तर कोणते द्यावयाचे? येथे कोणावरही मोहिनी पडत नाही. तरीही संपूर्ण चित्रपटातील संमोहनाची यंत्रणा या लहानशा प्रसंगात उघडी होते. भूमिकांची उत्तरे संपली की माणसाजवळ काय उरते, याचा शोध मामिया घेत असतो. बाकीच्यांच्या बाबतीत उरते ती दडपलेली खंत वा चीड. शल्यविशारद होण्याची आकांक्षा बाळगणाऱ्या स्त्री-डॉक्टरला, स्त्री म्हणून वाट्याला आलेल्या दुय्यमपणाची आठवण तो करून देतो. पुढे तिच्या हातून एका पुरुषाचा खून होतो. लायटरची ज्योत किंवा सांडलेल्या पाण्याचा ओघळ ही संमोहनाची बाह्य साधने होत. खरे साधन भाषेचे आहे.

४

येथे उत्तरदायित्वाचा प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ चित्रपटापुरता नाही. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या, बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हॉजिए यांचा समावेश असलेल्या आयोगाने मेस्मरचा चुंबकीय द्रव अस्तित्वात नसून दिसणारे परिणाम कल्पनाशक्तीचे आहेत, असा निर्वाळा दिला. द्रव गेला, पण सूचनेच्या सामर्थ्याचा प्रश्न राहिला. १८९० मध्ये पॅरिसमधील एका खूनखटल्यात गाब्रिएल बोंपार या स्त्रीने संमोहनाच्या अमलाखाली गुन्ह्यात भाग घेतला, असा बचाव मांडण्यात आला. नान्सी येथील विधिज्ञ झ्यूल लिएझ्वा यांनी त्याला पुष्टी दिली, तर पॅरिसच्या पंथाने विरोध केला. ज्यूरीने बचाव अमान्य केला व तिला वीस वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. जपानमध्येही मेइजी काळाच्या उत्तरार्धात मोहिनीविद्येची मोठी लाट आली, आणि १९०८ च्या पोलीस नियमांत संमोहनाचा बेछूट प्रयोग हा दंडनीय ठरविण्यात आला. ‘क्यूअर’मध्ये दाखविलेली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची चित्रफीत काल्पनिक असली, तरी तिच्यामागील भय ऐतिहासिक आहे.

चित्रपटात साकुमा नान्सीच्या विरुद्ध बाजू घेतो. संमोहनाने माणसाची मूळ नीतिबुद्धी बदलता येत नाही. खून हे पाप आहे असे ज्याला मनापासून वाटते, त्याच्याकडून खून करविता येणार नाही, असे तो ताकाबेला सांगतो. हे मत क्षणभर ग्राह्य धरले, तर त्याचा निष्कर्ष भयानक आहे. शिक्षकाने पत्नीला आणि शिपायाने सहकाऱ्याला मारले, याचा अर्थ त्यांच्या नीतिबुद्धीत ती मुभा आधीपासूनच होती. आज्ञेने केलेल्या गुन्ह्याची जबाबदारी आज्ञा देणाऱ्यावर ढकलता येते. प्रश्नाला दिलेले उत्तर मात्र उत्तर देणाऱ्याचेच असते. माबुझचे बळी निर्दोष राहू शकतात. मामियाचे बळी तसे राहू शकत नाहीत.

दिग्दर्शनाची शैलीही या निष्कर्षाला साथ देते. शिपाई आपल्या सहकाऱ्यावर गोळी झाडतो ते दृश्य दिवसाउजेडी, दूर ठेवलेल्या कॅमेऱ्यातून, संगीताविना घडते. प्रेक्षकाला धक्का देणारी कोणतीही पूर्वसूचना नाही. खून दैनंदिन कामांच्या ओळीत येऊन बसतो, आणि ‘स्वाभाविक वाटले’ या मारेकऱ्यांच्या शब्दांचा अर्थ तेथे डोळ्यांना दिसतो.

५

असे असता, उत्तरार्धात चित्रपट स्वतःच्याच शोधापासून काहीसा ढळतो. साकुमा जुनी चित्रफीत दाखवितो, फुलीच्या खुणेचे मूळ सांगतो आणि मामियाला एका गुप्त परंपरेचा ‘देन्दोशी’, म्हणजे धर्मप्रचारक, ठरवितो. चित्रपटाचे आधीचे नावही हेच होते. १९९५ च्या मार्चमध्ये ओम शिनरिक्यो या पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडल्यानंतर ते बदलण्यात आले. त्या घटनेने सुशिक्षित तरुण असे कृत्य का करतात, हा प्रश्न जपानी समाजापुढे ठेवलाच होता. त्याचे उत्तर गूढविद्येच्या वारशात शोधणे सोपे आहे. परंतु ते पुन्हा १७८४ पूर्वीच्या अदृश्य द्रवाकडे जाणे होय. वाईट जर परंपरेने संक्रमित होत असेल, तर शिक्षक, शिपाई आणि डॉक्टर हे पुन्हा निर्दोष साधने ठरतात.

अखेरच्या प्रसंगाचेही तसेच. पूर्वी अन्नाला जेमतेम स्पर्श करणारा ताकाबे आता उपाहारगृहात ताटली रिकामी करतो. त्याला कॉफी देऊन परतलेली सेविका सहजपणे सुरी उचलते. ताकाबे हाच आता नवा प्रचारक झाला, असा अर्थ बहुधा लावला जातो. तथापि येथे कोणताही प्रश्न ऐकू येत नाही. भाषेवाचून घडणारे संमोहन ही जादू आहे, आणि जादूपुढे विश्लेषणाची गती खुंटते. या अंताचे समर्थन एकाच अंगाने करता येईल. सबंध चित्रपटभर ‘का’ असे विचारणारा माणूस शेवटी काहीही विचारीत नाही आणि तृप्त आहे. ‘उपचार’ या शीर्षकातील उपरोध तेथे पुरा होतो.

याहून गंभीर उणीव ताकाबेची पत्नी फुमिए हिच्या चित्रणात आहे. चित्रपटाचा आरंभ तिच्या वाचनाने होतो. दवाखान्यात ती निळ्या दाढीच्या नवऱ्याची गोष्ट वाचीत असते. पुढे मात्र ती नवऱ्यावरील ओझे म्हणूनच दिसते. रिकामे यंत्र धुलाईसाठी सुरू ठेवणे, न शिजविलेले मांस वाढणे, ही तिच्या आजाराची चिन्हे ताकाबेच्या नजरेतूनच येतात. मामिया ताकाबेच्या अंतःकरणातील पत्नीविषयीचा कडवटपणा वर काढतो, आणि तिचा अंत एका क्षणदृश्यात उरकला जातो. ‘तू कोण’ हा प्रश्न शिक्षकाला, शिपायाला, डॉक्टरला आणि अधिकाऱ्याला भेडसावतो. फुमिएला तो कोणीही विचारीत नाही. वस्तुतः तिचे उत्तर ऐकण्यासारखे झाले असते, कारण टिकवून धरण्याजोगी भूमिका जिच्याजवळ जवळजवळ उरलेली नाही, अशी चित्रपटात ती एकटीच आहे.

या उणिवा मान्य करूनही ‘क्यूअर’चे महत्त्व कमी होत नाही. संमोहनाचे भय आवाजाच्या जरबेत नसून उत्तर देण्याच्या आपल्या सवयीत आहे, हे त्याने दाखविले. संवादाचा अभ्यास करणाऱ्याने फुजिवारा आणि मामिया यांच्यातील त्या काही वाक्यांकडे पुन्हा पुन्हा वळावे. प्रश्नाचे उत्तर देणे हे सभ्यतेचे पहिले बंधन समजले जाते. त्या बंधनाचाच फास कसा होतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण चित्रपटात क्वचितच सापडेल.