डिजिटल शिल्पावरील थेट रंगलेपन : रूप आणि रंग यांच्या संबंधाची चिकित्सा

प्रस्तावना

पुण्यालगतच्या हिंजवडी येथील राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये संगणकावरील त्रिमितीय प्रतिकृती ही नित्याची बाब आहे. टाटा टेक्नॉलॉजीज या अभियांत्रिकी सेवा कंपनीचे मुख्यालयही तेथेच आहे. अभियांत्रिकी प्रतिकृतीत रंग बहुधा सुटे भाग वेगळे ओळखता यावेत एवढ्यासाठी असतो. डिजिटल शिल्पात मात्र त्वचा, वस्त्र आणि नजर यांचा प्रत्यय रंगावरच अवलंबून असतो. अशा शिल्पावर थेट रंग देण्याच्या पद्धतीमुळे रूप आणि रंग एक झाले, असे सहज म्हटले जाते. हे ऐक्य कितपत खरे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तंत्राचे स्वरूप

सपाट चित्र वक्र पृष्ठभागावर बसविण्याची पद्धत एड कॅटमल यांनी 1974 साली युटा विद्यापीठातील प्रबंधात मांडली. त्यासाठी शिल्पाचा पृष्ठभाग, फळाची साल सोलून पसरावी तसा, सपाट उलगडावा लागतो. पॅट हॅनरहान आणि पॉल हेबर्ली यांनी 1990 मध्ये त्रिमितीय आकारावर थेट रंगविण्याची रीत दाखविली. झेडब्रश या सॉफ्टवेअरमधील 'पॉलिपेंट' याच दिशेने जाते. येथे रंग प्रत्येक शिरोबिंदूवर साठविला जातो. त्यामुळे रंगविताना उलगडणीची गरज उरत नाही. ब्लेंडरच्या 3.2 या आवृत्तीत (2022) शिल्पन करता करता रंगविण्याची सोय आली.

या पद्धतीत रंगाची सूक्ष्मता शिरोबिंदूंच्या संख्येने ठरते. 4096 × 4096 मापाच्या चित्रात सुमारे 1 कोटी 68 लाख पिक्सेल असतात. तितका तपशील थेट रंगवायचा, तर शिल्पालाही जवळपास तितकेच शिरोबिंदू हवेत. तांत्रिक पातळीवर रंग रूपाशी बांधलेला आहे, हे मान्य करावे लागते.

परंपरेतील दोन दाखले

कलात्मक पातळीवर हा संबंध तपासताना महाराष्ट्रातील दोन दाखले उपयुक्त ठरतात. पेणच्या गणेशमूर्तीत डोळ्यांची आखणी निर्णायक असते. मातीत डोळ्याचा केवळ उंचवटा असतो. नजर रंगाने येते. येथे रंग रूपाला पूर्णत्व देतो. याउलट, वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचे थर चढत गेले. 2022 मध्ये झालेल्या संवर्धनात हजार किलोंहून अधिक शेंदूर काढल्यानंतर मूळ मूर्तीचे स्वरूप प्रकट झाले. भाविकांच्या ओळखीचे रूप मोठ्या प्रमाणात त्या थरांनी घडविले होते. येथे रंगाने मूळ रूप झाकले आणि स्वतःच्या जाडीतून नवे रूप निर्माण केले.

चिकित्सा

पॉलिपेंटच्या रंगाला जाडी नाही. त्यामुळे शेंदराप्रमाणे तो रूप झाकू शकत नाही. परंतु नसलेल्या रूपाचा आभास तो निर्माण करू शकतो. गालावर सुरकुती न कोरता तिची केवळ सावली रंगविली, तरी एका कोनातून ती खरी भासते. मूर्ती फिरविली किंवा प्रकाशाची दिशा बदलली की हा आभास उघडा पडतो. मखरातील गणपती प्रामुख्याने समोरून पाहिला जातो, म्हणून तेथे रंगविलेली छाया खपून जाते. डिजिटल शिल्प सर्व बाजूंनी आणि बदलत्या प्रकाशात पाहिले जाते. वास्तवदर्शी शिल्पात म्हणूनच वस्तूचा स्वतःचा रंग आणि तिच्यावर पडणारी छाया यांचा विवेक आवश्यक ठरतो. व्यंगचित्रात्मक शैलीत रंगविलेली छाया हा जाणीवपूर्वक केलेला संकेत असू शकतो. तेथे हा निकष जसाच्या तसा लावता येणार नाही.

निष्कर्ष

थेट रंगलेपनाने हात आणि पृष्ठभाग यांच्यामधील उलगडणीचा अडसर दूर केला. मात्र साधनाने दिलेली ही जवळीक म्हणजे कलात्मक ऐक्य नव्हे. पेणच्या आखणीप्रमाणे रंग रूपाला पुढे नेतो, की रूपातील उणीव लपवितो, हा समीक्षेचा खरा प्रश्न आहे. महाविद्यालयीन मूल्यमापन एकाच अंतिम चित्रावरून झाले, तर या दोहोंतील भेद दिसणारच नाही आणि आभासालाच कौशल्याचे गुण मिळतील. विद्यार्थ्याचे शिल्प आधी रंगाविना, नंतर रंगासह आणि किमान दोन भिन्न दिशांच्या प्रकाशांत पाहिले जावे. हिंजवडीसारख्या ठिकाणी रोजगाराच्या अपेक्षेने या विद्येकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला साधनाच्या सरावाइतकीच या विवेकाचीही गरज आहे.