आवडत्या आवाजांची उतरंड

ऑक्टोबर महिन्यात कोपरखैरण्यातील आमच्या लघु ख्रिस्ती समूहाची जपमाळ घरोघर फिरते. गेल्या वर्षी एका घरी प्रार्थना आटोपून चहाचे कप हाती आले आणि कोणीतरी विषय काढला, की प्रसिद्ध गायक-गायिकांतून आपल्या आवडीचे पाच आवाज निवडायचे झाले, तर कोणाचा क्रम कसा लागेल? गोव्याकडच्या एका काकींनी लॉर्ना यांचे नाव ठामपणे वर ठेवले. नगरकडच्या एका गृहस्थांनी प्रल्हाद शिंदे यांच्या खड्या आवाजाचा पक्ष घेतला. वसईच्या कुटुंबात रफी की किशोर यावरून बापलेकांचे जुंपले. लताबाईंचे नाव मात्र प्रत्येक यादीत पहिले किंवा दुसरे होते. माझ्या यादीत ते चौथे निघाले, तेव्हा खोलीत क्षणभर शांतता पसरली.

त्या संध्याकाळी मला माझ्या क्रमाचे नीट समर्थन करता आले नाही. ते येथे करीत आहे. त्यामागे रसिकतेइतकीच एका जुन्या चुकीची टोचणीही आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

आवाजांची उतरंड रचायची, तर कसोटी हवी. गोडवा, पल्ला, दमसास, तयारी या कसोट्या रास्त आहेत. परंतु त्यांवर पहिल्या पन्नास गायकांतही निवड करणे कठीण. मी अनेक वर्षे धर्मग्रामाच्या गायकवृंदात काढली असल्याने माझी कसोटी वेगळी झाली आहे. एखादा आवाज ऐकल्यावर माझ्या स्वतःच्या गळ्याचे काय होते, हे मी पाहतो. तो मिटतो, की उघडतो? संत अगस्तीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या दहाव्या भागात अशीच एक झडती घेतली आहे. गायलेल्या आशयापेक्षा गाणेच आपल्याला अधिक हलवून जाते, तेव्हा आपला अपराध झाला असे त्यांना वाटे. तरीही उपासनेतून गाणे काढून टाकावे, असे म्हणायला त्यांचे मन धजले नाही. ती ओढाताण आपल्या प्रत्येक गायकवृंदात आजही चालू आहे.

पाचव्या स्थानी मी केसरबाई केरकर यांना ठेवतो. १८९२ साली गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या या गायिकेने अल्लादियाखाँसाहेबांकडे दीर्घ तालीम घेतली. त्यांच्या ध्वनिमुद्रिका थोड्या आणि लहान. तरी तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या अवकाशात तो भरदार, सलग आवाज एखाद्या दगडी बांधकामासारखा चढत जातो. १९७७ साली अवकाशात गेलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरील तबकडीत त्यांची भैरवी आहे, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांचे देहावसान झाले. हा आवाज ऐकताना मी उभा राहतो. सोबत गुणगुणण्याचा विचारही मनात येत नाही. भव्य मंदिराच्या दारात पादत्राणे काढून थबकावे, तसे होते. आदर पुरेपूर आहे, परंतु जवळीक नाही; म्हणून पाचवे स्थान.

चौथ्या स्थानी लता मंगेशकर. २०२२ च्या ६ फेब्रुवारीस त्या गेल्या, तेव्हा आपल्या घरातलेच कोणी गेल्यासारखे महाराष्ट्राला वाटले, ते खोटे नव्हते. सुराचा इतका अचूक स्पर्श आणि शब्दाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत न सुटणारा प्रकाश दुसऱ्या कोणत्या गळ्यात आहे? 'आनंदघन' या नावाने 'साधी माणसं' या १९६५ च्या चित्रपटाला संगीत देताना मराठी मातीचा वास त्यांनी ज्या सहजतेने आणला, त्यावरून त्यांच्या कानाचीही थोरवी कळते. मग चौथे स्थान का?

याचे उत्तर त्यांच्या गाण्यात नाही, आपण त्या गाण्याचे जे केले त्यात आहे. १९४८ च्या सुमारास हाच आवाज फार पातळ म्हणून एका निर्मात्याने नाकारला होता. संगीतकार गुलाम हैदर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्या काळी शमशाद बेगम, अमीरबाई कर्नाटकी, जोहराबाई अंबालेवाली यांचे जाड, ठसठशीत आवाज लोकांच्या कानात होते. १९४९ च्या 'महल'नंतर वारे फिरले आणि काही वर्षांतच पातळ, उंच आवाज हाच स्त्रीचा खरा आवाज, असे आपण धरून चाललो. एका अन्यायातून सुटलेल्या आवाजाच्या नावाने आपण दुसरा अन्याय सुरू केला.

तो आपल्या प्रार्थनामंदिरांतही शिरला. १९०३ साली पोप दहावे पायस यांच्या आदेशानुसार उपासनेच्या गायकवृंदात स्त्रियांना स्थानच नव्हते. उंच स्वरांसाठी मुलगे घ्यावेत, असे त्यात म्हटले होते. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला, सर्व भाविकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला आणि प्रत्येक प्रदेशाच्या संगीतपरंपरेला मान दिला. मराठी मिस्सा आली, पेटी-तबला आला, भगिनी पुढे आल्या. आणि आम्ही काय केले? गीताची पट्टी लताबाईंच्या गाण्यांच्या मापाने चढवली. बाकांवरच्या पुरुषांना तो सूर वर गाठता येईना आणि खालच्या सप्तकात तो फार खोल जाई. प्रौढ स्त्रियांचा श्वास पुरेना. हळूहळू सगळे ऐकू लागले. गाणे सुंदर झाले आणि धर्मग्राम मुका झाला.

याच्या उलट अनुभव तिसऱ्या आवाजाचा. सुधीर फडके यांचा आवाज असामान्य पल्ल्याचा नव्हता, हे त्यांचा चाहताही मान्य करील. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकरांचे 'गीतरामायण' दर आठवड्यास एक याप्रमाणे प्रसारित झाले. त्या ५६ गीतांना बाबूजींनी चाली दिल्या आणि पुढे वर्षानुवर्षे ती स्वतः मंचावरून गायिली. त्यांच्या गळ्यात शब्द कधी चुरगळत नाही. जोडाक्षर, अनुस्वार, ओळीतील अर्थाचा थांबा, सारे काही जागच्या जागी. मिस्सेत वाचन करणाऱ्या प्रत्येकाने ते कान देऊन ऐकावे, असे मी सुचवीन. मुख्य म्हणजे त्यांचे गाणे ऐकता ऐकता घरातले आजोबा पुढची ओळ म्हणू लागतात. हा आवाज श्रोत्याला जागा करून देतो.

दुसऱ्या स्थानी कुमार गंधर्व. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा हा बालगायक मुंबईत प्रा. देवधरांकडे शिकला आणि ऐन उमेदीत क्षयाने अंथरुणाला खिळला. देवासच्या कोरड्या हवेत काही वर्षे गाणे बंद होते. पुन्हा गाऊ लागले तेव्हा एका फुफ्फुसाचे बळ गेले होते. लांब पल्ल्याच्या ताना घेणारा श्वास आता नव्हता. कुमारांनी तो असल्याचे सोंग आणले नाही. लहान लहान स्वरवाक्ये, मध्ये मौन, मग एकाएकी तीरासारखा सूर, अशी घडण त्यांनी उभी केली. आजारपणात कानावर पडलेली माळव्याची लोकगीते तिच्यात आली, कबीराची निर्गुणी भजने आली. उणिवेतूनही सामर्थ्य पूर्ण होते, हे संत पौलाचे शिक्षण आपण पाठ केलेले असते. मला ते कुमारांच्या त्या थांबलेल्या श्वासात प्रथम कळले.

आणि पहिल्या स्थानी गंगूबाई हनगल. धारवाडात १९१३ साली जन्मलेल्या, हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जाणाऱ्या गंगूबाईंच्या तरुणपणीच्या ध्वनिमुद्रिकांत आवाज उंच व टोकदार आहे. पुढे घशाच्या दुखण्यानंतर तो खाली उतरला, जाड झाला. इतका, की प्रथम ऐकणाऱ्याला पुरुष गात आहे असे वाटावे. दुसऱ्या कोणी गाणे सोडले असते, किंवा जुना आवाज ओढूनताणून आणला असता. गंगूबाईंनी मिळालेला आवाज पत्करला आणि त्याच आवाजात धीराने, एकेक स्वर उजळीत, राग उभे केले. मैफलीत मागे त्यांची कन्या कृष्णा साथीला असे. आईचा घनगंभीर स्वर आणि मुलीचा बारीक स्वर एकाच षड्जावर नांदत. एकाने दुसऱ्याला लाजवले नाही. केसरबाईंइतकी झळाळी येथे नसेल, लताबाईंइतके माधुर्य तर नाहीच. परंतु हा आवाज ऐकल्यावर प्रत्येक गळ्याला वाटते, की मलाही माझ्या आवाजात गाता येईल.

कोणी म्हणेल, ही आवाजाची परीक्षा नसून नीतीची परीक्षा झाली. आक्षेप अगदीच निराधार नाही. तरी आवाज हा देहातून येतो आणि देह कसा आहे हे तो कबूल करतो की लपवतो, हा प्रश्न मला कलेचाच वाटतो. शिवाय नीचा आवाज म्हणजे कमी प्रतीचा, हा समज जगाने मोडीत काढला आहे. अमेरिकेतील मेरियन अँडरसन यांचा आवाज स्त्रीस्वरांतील सर्वांत खालच्या जातीचा. फिलाडेल्फियातील त्यांच्या चर्चच्या लोकांनी वर्गणी जमवून या गरीब मुलीच्या संगीतशिक्षणाची सोय केली. १९३९ साली वर्णभेदापोटी वॉशिंग्टनच्या एका सभागृहाचे दार त्यांना बंद झाले, तेव्हा ईस्टरच्या रविवारी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवरून त्या ७५,००० लोकांसमोर गायिल्या. त्या वर्गणीचा विचार मनात आला की मला माझी चूक आठवते.

पंचवीस वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात नाताळची तालीम मी घेत होतो. चौदा-पंधरा वर्षांच्या एका मुलीचा आवाज इतरांत मिसळेना. तो जाड होता, खाली राहत होता. मी तिला सर्वांसमोर म्हणालो, "तू फक्त ओठ हलव." ती नाताळला उभी राहिली, ओठ हलवले आणि त्यानंतर गायकवृंदात आली नाही. मला त्याचे काही वाटलेही नाही. गाणे छान झाले होते.

ती आता कोपरखैरण्यात राहते. मराठी मिस्सेत कधी कधी पहिले वाचन करते. तोच आवाज, यशयाचे शब्द त्या आवाजात येऊ लागले की लहान मुलेही चुळबुळ थांबवतात. जपमाळेच्या त्या संध्याकाळी ती खोलीत होती. माझी यादी ऐकून काही बोलली नाही. निघताना मी तिची क्षमा मागितली आणि स्तोत्राचे ध्रुपद एखाद्या रविवारी तिने धरावे, असे विचारले.

ती म्हणाली, "सर, पट्टी कोण ठरवणार?"

"तूच ठरव," मी म्हणालो.

आगमनकाळातील एका रविवारी तिने ते धरले. पट्टी बरीच खाली होती आणि पहिल्या ओळीला सूर किंचित हललाही. दुसऱ्या वेळी मागच्या बाकांवरचे पुरुष गाऊ लागले. त्यांच्यात आमच्या पलीकडच्या इमारतीतले एक वृद्ध गृहस्थ होते. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी प्रथमच ऐकला. तो मला कोणत्याही यादीत बसवता येणार नाही. बसवण्याची गरजही वाटली नाही.