नदीपलीकडचा संसार

पांढुर्ण्यास जांब नदीवर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरून दगड सुटतात. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून नेली व उभयतांना नदीतच गाठण्यात आले, अशी दंतकथा आहे. तिचे पाठ अनेक. परंतु ते जोडपे नांदते, तर चाळीस वर्षांनी एकमेकांशी काय बोलले असते, हे आमच्या ऐकिवातला एकही पाठ विचारीत नाही. आमच्या वाङ्मयाचीही गत फारशी निराळी नाही.

जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ (1973) येथे कोणासही आठवेल. पण त्यातील नाना-नानींचे दुःख मुले दुरावल्याचे आहे. ती दोघे एकमेकांना धरूनच आहेत. ‘स्मृतिचित्रे’त टिळकांच्या 1895 मधील धर्मांतरामुळे पतिपत्नींची ताटातूट होते खरी, तथापि ती तारुण्यातली, आणि लक्ष्मीबाईंचा विनोद तिच्यावरही मात करतो.

एका घरात राहूनही पडणाऱ्या अंतराचा प्रश्न धीटपणे मांडला तो सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’ या 1990 च्या ग्रंथाने. विवाह 1946 चा. म्हणजे चव्वेचाळीस वर्षांचा संसार मागे आणि पु. ल. हयात. लाडक्या लेखकाचे घरातले रूप चव्हाट्यावर आणले, म्हणून अनेक वाचक दुखावले. आम्हांस हा आक्षेप मान्य नाही. ग्रंथात व्यसन, मारहाण वा वैर यांची कहाणी नाही. आहे ती एकीने सतत लक्ष ठेवावे आणि दुसऱ्याच्या ते लक्षातही येऊ नये, ही स्थिती. पती वाईट असता, तर हे लिहिणे सोपे झाले असते!

पांढुर्णा-सौंसरकडच्या शिक्षकांना ही स्थिती अपरिचित नसावी. 1956 च्या पुनर्रचनेत हा मुलूख मध्यप्रदेशात राहिला, 2023 मध्ये त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. घरातली बोली मात्र मराठीच. ओट्यावर म्हातारा, चुलीशी म्हातारी, आणि ‘आजोबाले सांग, जेवण झालं’ हा निरोप हिंदी शाळेत शिकणाऱ्या नातवाच्या तोंडी. त्या घरात भांडण नसते. तिसऱ्या माणसावाचून बोलणेच उरलेले नसते.

ग्रंथाचा दोष आम्हांस निराळ्याच जागी दिसतो. लेखिका स्वतःला वारंवार तपासते, पण त्या तपासणीलाही कधी कधी हिशेबाची चोख शिस्त येते. अशा वेळी दुःख वाचकाच्या हाती येण्याआधीच त्याचा निवाडा लागलेला असतो. याउलट 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिय जी. ए.’ मधील पत्रांत हाच स्वर मोकळा होतो. घराबाहेरच्या, दूर धारवाडास राहणाऱ्या स्नेह्याशी जे सहज बोलता आले, त्याच्या शेजारी ठेवून ‘आहे मनोहर तरी’ पुन्हा वाचावे, असे आम्ही सुचवितो.