बंदिवासातील भाषापालट

झां रन्वार यांचा ‘ला ग्रांद इल्युझियों’ (१९३७) हा पहिल्या महायुद्धातील फ्रेंच युद्धकैद्यांचा बोलपट. युद्धविरोधी म्हणून तो वाखाणला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातील कोणते पात्र कोणापाशी कोणत्या भाषेत बोलते, याकडे प्रेक्षकांचे पुरेसे लक्ष जात नाही, असे आम्हांस वाटते. दोष काही अंशी पडद्याखाली उमटणाऱ्या इंग्रजी भाषांतराचा. फ्रेंच आणि जर्मन ते एकाच रंगात बुडविते. मग पात्रे खरोखरच इंग्रजीत शिरतात तो क्षण निसटून जातो.

आरंभीचे भोजन पाहावे. जर्मन सरदार राउफेनश्टाइन याने दोन फ्रेंच बंदिवानांना आपल्या मेजावर बसविले आहे. त्यांतील ब्वेल्द्यू हा खानदानी. जुन्या ओळखीचा विषय निघतो आणि दोघे इंग्रजीत बोलू लागतात. ती दोघांचीही मातृभाषा नव्हे; ती घोड्यांच्या शर्यतींची, बड्या घरांची भाषा आहे. शेजारी बसलेला मारेशाल मूळचा यंत्रकारागीर, हात जखमी झालेला. त्याच्याशी दुसरा एक जर्मन फ्रेंचमध्ये बोलतो, कारण त्याने लिओंच्या कारखान्यात काम केले आहे. आणि बोलता बोलता त्याच्या पानातले मांस कापून देतो. शत्रुत्व दोन्हीकडे गळून पडते, पण सरदारांचा जिव्हाळा आतून कडी लावून घेतो.

परमुलखातील कचेरीत दोन मराठी माणसे तिसऱ्यासमक्ष मराठीत शिरतात तेव्हा त्या तिसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याची सवय आपणांपैकी किती जणांना आहे?

ब्वेल्द्यू पत्नीलाही अहो-जाहो करणारा. दीड वर्षाच्या सहवासानंतरही मारेशालशी तो एकेरीवर येत नाही. तरी प्राण देतो तो मारेशालच्या सुटकेसाठीच. तटावर चढलेल्या ब्वेल्द्यूला परत येण्याची विनवणी राउफेनश्टाइन इंग्रजीतच करतो. नकारही इंग्रजीतच येतो, अत्यंत सभ्य शब्दांत. मग गोळी सुटते. त्या सुसंस्कृत भाषेवर रन्वार यांचे प्रेम आहे, पण तिच्यावर त्यांची भिस्त नाही.

त्यांची भिस्त आहे ती मारेशालच्या मोडक्या जर्मनवर. पळून आलेल्या त्याला आणि रोझेंतालला आसरा देणाऱ्या एल्झाचे पती आणि भाऊ याच युद्धात पडले आहेत. तिच्या चिमुकल्या लोटेचे डोळे निळे आहेत, एवढे एक वाक्य मारेशाल शिकतो. उच्चार चुकतो, एल्झा सुधारते. हा भाग कोणास गोडसर वाटेल. आम्हांस तो बोलपटाचा कणा वाटतो, कारण येथे परभाषा कोणास बाहेर ठेवण्यासाठी वापरलेली नाही.

आणि भाषाच नसली तर? त्याआधीच्या छावणीत फ्रेंचांनी महिनोन्‌महिने भुयार खणले आहे. ते पुरे होते आणि त्यांची बदली होते. जागी येणारे इंग्रज, म्हणजे मित्रपक्षाचेच. मारेशाल धावत जाऊन एका इंग्रज अधिकाऱ्यास भुयाराविषयी सांगू पाहतो. त्याला फ्रेंच येत नाही. याला इंग्रजी येत नाही. रांगा पुढे सरकतात, भुयार तेथेच राहते.