तोच प्रश्न, दहा वर्षांनी

बक्षिसे मिळवलेली तबकडी ऐकायला बसताना मी थोडा साशंक असतो. गाजावाजा मोठा आणि गाणे लहान, असा अनुभव पुष्कळदा येतो. कॅरोल किंग या अमेरिकन गायिकेची ‘टॅपेस्ट्री’ याला अपवाद आहे. १९७१ साली निघालेली ही १२ गाण्यांची तबकडी अमेरिकेतील खपाच्या यादीत १५ आठवडे पहिली होती. १९७२ साली ग्रॅमीची ४ पारितोषिकेही तिच्या वाट्याला आली.

आश्चर्य असे की, या बाईंचा गळा काही असामान्य नाही. आवाज किंचित जाडसर, वरच्या सुरांकडे जाताना ताण जाणवणारा. गायनाच्या परीक्षेत त्यांचे चार गुण कमीच झाले असते.

त्यांचा मूळचा व्यवसाय चाली बांधण्याचा. न्यूयॉर्कमध्ये पती गेरी गोफिन शब्द लिहीत, कॅरोलबाई चाल लावीत आणि गात दुसरेच कोणी. १९६० साली ‘शिरेल्स’ या चार मुलींच्या संचाने त्यांचे ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ गायिले. आजचे प्रेम उद्या टिकेल ना, असे विचारणारे हे गाणे. चालकर्ती तेव्हा अवघी १८ वर्षांची, पदरी तान्ही मुलगी. शिरेल्सच्या गाण्यात ठेका चपळ आहे, मागे व्हायोलिने आहेत. प्रश्नात धाकधूक आहे, पण उत्तर होकारार्थी येईल अशी आशाही आहे.

‘टॅपेस्ट्री’त हेच गाणे कॅरोलबाई स्वतः गातात. मधल्या काळात संसार मोडला होता. दोन मुलींना घेऊन त्या लॉस एंजेलिसला आल्या होत्या. आता लय संथ झाली आहे, पियानो पुढे आला आहे. शब्द तेच, चालही तीच. पण उत्तर काय येते हे एकदा अनुभवलेली स्त्री पुन्हा विचारते आहे, असे वाटते. इथे तो साधा, थकलेला आवाजच हवा होता. तयारीचा गळा असता, तर कान गळ्याकडे गेले असते आणि प्रश्न बाजूला राहिला असता.

सर्वच गाणी या तोलाची नाहीत. ‘नॅचरल वुमन’ १९६७ साली अरीथा फ्रँकलिनने ज्या उंचीवर नेले, तिथे कॅरोलबाई पोचत नाहीत. ‘स्मॅकवॉटर जॅक’ ही बंदूकवाल्याची कथा तर या घरगुती बैठकीत चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखी वाटते.

वेष्टणावर कॅरोलबाई खिडकीपाशी अनवाणी बसल्या आहेत, समोर मांजर आहे. आतले गाणेही असेच, घरच्या कपड्यांतले.

पाहुण्यांची वर्दळ ओसरली की, वाचकहो, आधी शिरेल्स आणि लागोपाठ कॅरोल किंग ऐकून पाहा. घरात आई आणि वयात आलेली मुलगी असतील, तर दोघींनी जवळ बसून ऐकावे. कोणीला कोणते आवडले, हे विचारायची घाई मात्र करू नये.