'अस्तु' आणि रक्तदाबाची गोळी

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा २०१३ सालचा चित्रपट अल्झायमर या विकारावरील मराठीतील एक महत्त्वाची कलाकृती आहे. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे विद्वान. उतारवयात त्यांची स्मृती ढासळत जाते. एके दिवशी मुलगी इरा त्यांना मोटारीत बसवून दुकानात जाते. तेवढ्यात त्यांना हत्ती दिसतो आणि लहान मुलाच्या कुतूहलाने ते त्याच्यामागे निघून जातात. माहुताची बायको चन्नम्मा या अनोळखी वृद्धाला लेकरासारखे सांभाळते. शास्त्रींची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

म्हातारचळ म्हणून ज्याची थट्टा होते तो एक आजार आहे, आणि स्मृती गेली तरी माया समजते, या दोन गोष्टी हा चित्रपट प्रवचन न करता पटवतो. सांभाळणाऱ्या मुलीचा थकवाही तो लपवत नाही.

तरीही जालना जिल्ह्यातील एखाद्या शिक्षकाने भोकरदनला किंवा मंठ्याला अकरावी-बारावीच्या मुलांना तो दाखवला, तर पडद्याबाहेरची एक गोष्ट सांगावी, असे आम्हाला वाटते. 'अस्तु' म्हणजे 'असो', जे आहे ते स्वीकारणे. स्मृतीच्या बाबतीत हा स्वीकार शहाणपणाचा आहे. पण पुष्कळ घरांत तो शरीरापर्यंत पोचतो. "आता त्यांना काही कळत नाही, बी.पी.च्या गोळ्या कशाला?" असे म्हणून औषध बंद होते. उलट काही घरांत साखर आटोक्यात आणली की आठवण परत येईल, अशी आशा असते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड व टाऊ ही प्रथिने साचतात आणि चेतापेशी मरतात. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू व वाढलेले कोलेस्टेरॉल मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात. वृद्धांच्या मेंदूत पुष्कळदा दोन्ही बिघाड एकत्र सापडतात. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी जोगिणींच्या मेंदूंचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. अल्झायमरच्या खुणा असलेल्या ज्या मेंदूंत रक्तपुरवठा तुटल्याचे लहान डागही होते, त्या जोगिणींना हयातीत स्मृतिभ्रंश अधिक प्रमाणात झालेला होता.

मग हे धोके आवरले तर आजार मंदावेल काय? २००९ साली फ्रान्समधील एका अभ्यासात, ज्या रुग्णांचे असे सर्व धोके उपचाराखाली होते त्यांची घसरण सावकाश झाल्याचे दिसले. पण ज्याच्या रक्तदाबाची काळजी घेतली जाते, त्याच्या जेवणाची व झोपेचीही घेतली जात असणार. फरक गोळीमुळे पडला की घरामुळे, हे अशा निरीक्षणातून ठरत नाही. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये मेंदूत रक्तवाहिन्यांच्या बिघाडाच्या खुणाही असलेल्या १३० अल्झायमर रुग्णांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन गटांत विभागणी केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनंतर दैनंदिन कामे करण्याच्या क्षमतेत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. २००८ साली ॲस्पिरिनच्या चाचणीतही लाभ दिसला नाही. उलट गंभीर रक्तस्राव वाढले. निरीक्षण आणि प्रयोग यांतील भेद वर्गात शिकवण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

तरीही गोळी बंद करू नये, कारण अल्झायमर झाल्याने पक्षाघात किंवा हृदयविकार टळत नाही. आधीच दुबळ्या झालेल्या मेंदूला पक्षाघाताचा एखादा लहान झटकाही जड जातो. मात्र आजार वाढतो तशी मात्रा डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्यावी लागते. रक्तदाब फार उतरला तर उभे राहताना भोवळ येऊन रुग्ण पडतो. घेतलेली गोळी विसरून तो पुन्हा घेतो. मधुमेहाची काही औषधे घेणारा जेवायचे राहिला तर साखर धोकादायक पातळीवर उतरते. शास्त्रींसारखा दिवसभर हरवलेला माणूस मधुमेही असेल, तर चन्नम्माच्या हातचा घास हाच त्याचा उपचार ठरेल. म्हणून गोळ्यांची डबी घरातल्या एका माणसाच्या हाती असावी आणि औषधाआधी जेवण झाले का, हे पाहावे.

विद्यार्थ्यांसाठी खरी आशा आणखी अलीकडच्या टप्प्यावर आहे. 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे १४ धोके मांडले. ते सर्व दूर झाले तर जगातील स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. तो गणिती आहे, हमी नव्हे. मध्यम वयातील रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान हे त्यांत आहेत, आणि अपुरे शालेय शिक्षणही. तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब व साखर तपासण्याची सोय सरकारी उपकेंद्रात असते. चित्रपट संपल्यावर मुलांना एवढेच विचारावे : घरातल्या मोठ्या माणसांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला?