न निवडलेले ऐकण्याचा हक्क

ब्रिटिश रेडिओत अलीकडे झालेले निर्णय सुटे पाहिले तर किरकोळ वाटतात. एकत्र मांडले की मात्र संताप येतो. एप्रिल २०२४मध्ये बीबीसीच्या रेडिओ फोरने लाँग वेव्हवरचे स्वतंत्र कार्यक्रम थांबवले. १९२८पासून चालत आलेली ‘डेली सर्व्हिस’ ही प्रार्थना रेडिओ फोर एक्स्ट्रा या डिजिटल वाहिनीकडे गेली, आणि खलाशांसाठीच्या हवामानवृत्ताची प्रसारणेही कमी झाली. २०२५मध्ये रेडिओ थ्रीवरचे नाटक बंद करण्याचे जाहीर झाले. दरम्यान अनेक मालिकांचे सगळे भाग प्रसारणाआधीच ‘बीबीसी साउंड्स’ या ॲपवर ठेवण्याची रीत रुळली. प्रत्येक निर्णयामागे खर्चाचे किंवा तंत्रज्ञानाचे वेगळे कारण दिले गेले, पण सगळ्यांचा परिणाम एकाच दिशेने जातो. एकमेकांशी संबंध नसलेल्या कार्यक्रमांचा एका आवाजात बांधलेला दिवस विस्कटतो आहे, आणि माझ्या मते हा दिवसच ब्रिटिश रेडिओची सर्वांत मोठी कलाकृती आहे.

रेडिओ फोरचा एखादा गुरुवार घ्या. पहाटे समुद्राचे हवामान, मग शेतीचे बातमीपत्र, सहा ते नऊ ‘टुडे’मधली राजकीय उलटतपासणी, त्यानंतर विद्वानांची चर्चा, दहाला ‘वुमन्स अवर’, दुपारी पाऊण तासाचे नाटक, संध्याकाळी ‘द आर्चर्स’, झोपण्यापूर्वी पुस्तकवाचन आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा समुद्र. यातला प्रत्येक कार्यक्रम वेगळ्या माणसासाठी आहे. पण रेडिओ बंद करायला न उठलेल्या श्रोत्यासाठी ते सगळेच आहेत. दुधाच्या भावासाठी सुरू केलेला रेडिओ त्याच श्रोत्याला प्राचीन तत्त्वज्ञानापर्यंत नेतो. ‘इन अवर टाइम’ या विद्वानांच्या चर्चेची कहाणी याचा सर्वांत ठळक पुरावा. १९९८मध्ये निवेदक मेल्विन ब्रॅग यांना गुरुवारी सकाळची जी वेळ मिळाली, ती श्रोते गमावण्याची वेळ म्हणून ओळखली जात होती. एक विषय, तीन अभ्यासक, गाण्याचा तुकडाही नाही. तरीही ब्रॅग २०२५मध्ये बाजूला झाले तेव्हा कार्यक्रमाने हजाराहून अधिक भाग पार केले होते. इतक्या लोकांना या विषयांची आधीपासून आवड होती, असे म्हणता येणार नाही. ‘टुडे’ संपल्यावर रेडिओ चालूच राहिला, म्हणून ती आवड निर्माण झाली.

‘द आर्चर्स’ तर कार्यक्रमांच्या या शेजाराचेच अपत्य आहे. १ जानेवारी १९५१ रोजी ही मालिका देशभर सुरू झाली तेव्हा युद्धोत्तर टंचाईत शेतकऱ्यांपर्यंत नवे तंत्र पोहोचवणे हा तिचा उघड हेतू होता, आणि कृषी खात्याचे त्यात साहाय्य होते. मालिकेतल्या अँब्रिज या काल्पनिक गावात २०१६मध्ये हेलन या पात्रावरचा नवऱ्याचा मानसिक जाच टोकाला गेला. दीर्घकाळ मुरलेला असा जाच गुन्हा ठरवणारा कायदा नुकताच, २०१५च्या अखेरीस, अमलात आला होता. घरगुती हिंसाचारावरचा स्वतंत्र कार्यक्रम त्या प्रश्नाने आधीच अस्वस्थ असलेल्यांनी ऐकला असता. गायीगुरांच्या आणि गावकीच्या गोष्टीसाठी बसलेल्या लाखोंनी मात्र ही कथा महिनोन्‌महिने, सावकाश, अंगावर येऊ दिली. ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ ही विनोदी विज्ञानमालिका ८ मार्च १९७८च्या रात्री साडेदहाला, जवळजवळ प्रसिद्धीविना सुरू झाली. तिथेही पहिला श्रोता योगायोगानेच भेटला. या मालिकांच्या तुलनेत प्रसिद्ध व्यक्तींनी एकमेकांशी मारलेल्या पॉडकास्टगप्पांविषयी एवढेच म्हणावे लागेल की त्या ध्वनीचा कलेसाठी कोणताही उपयोग करत नाहीत.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा की मिश्र दिवस म्हणजे बीबीसीचे पहिले महासंचालक जॉन रीथ यांच्या काळातली वडीलधारी हुकमत: लोकांनी काय ऐकावे हे मूठभरांनी ठरवायचे. हुकमत होती, हे खरे. पण तिने दारे उघडलीही. युद्धकाळात बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये जॉर्ज ऑर्वेलबरोबर काम करणाऱ्या वेणू चितळे होम सर्व्हिसच्या ‘द किचन फ्रंट’वरही बोलल्या. शिधावाटपाच्या काळातल्या ब्रिटिश गृहिणीने शाकाहारी स्वयंपाकाविषयी एका मराठी बाईचे ऐकले, ते तिने तशी मागणी केली होती म्हणून नव्हे. आज ॲप जे सुचवते, ते कालच्या ऐकण्यावरून. तिथेही ठरवणारा दुसराच असतो, आणि तो आपल्याला आपल्याच सवयीत कोंडतो. संपादकाला निदान जाब विचारता येतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. डिलन टॉमसचे ‘अंडर मिल्क वुड’ (१९५४) आणि सॅम्युएल बेकेटचे ‘ऑल दॅट फॉल’ (१९५७) ही रेडिओनाटकाची शिखरे थर्ड प्रोग्रामवर, म्हणजे अभिजनांसाठी वेगळ्या काढलेल्या वाहिनीवर उभी राहिली. मग सरमिसळीचे श्रेय काय? एक तर थर्ड प्रोग्राममध्येही नाटक, संगीत, व्याख्यान एकाच संध्याकाळी येत. आणि बेकेटच्या नाटकासाठी जे ध्वनिप्रयोग करावे लागले, त्यांनी १९५८मध्ये रेडिओफोनिक वर्कशॉप हा बीबीसीचा ध्वनिप्रयोगांचा विभाग सुरू व्हायला बळ दिले. पुढे त्याच वर्कशॉपने शालेय कार्यक्रमांपासून ‘डॉक्टर हू’च्या शीर्षकसंगीतापर्यंत सगळ्यांना आवाज पुरवले. अवघड नाटकाची कमाई अशी सर्वांपर्यंत पोहोचली, कारण घर एक होते. म्हणूनच थर्ड प्रोग्रामची वारस असलेल्या रेडिओ थ्रीच्या नाटकाचा बळी फक्त त्याच्या थोड्या श्रोत्यांपुरता मोजणे ही लबाडी आहे.

उरला पैसा. नाटक आणि ध्वनिरूपके महाग असतात, यात वाद नाही. चार्ल्स पार्कर, इवन मॅकॉल आणि पेगी सीगर यांच्या ‘रेडिओ बॅलड्स’ही १९६४मध्ये थांबल्या, त्यात खर्चाचा वाटा होता. पण १९५८च्या ‘द बॅलड ऑफ जॉन ॲक्सन’ने कामगाराच्या स्वतःच्या बोलीला नटाच्या आवाजाची गरज उरू दिली नाही, आणि त्यानंतरचा प्रत्येक गंभीर ध्वनिमाहितीपट तिचे देणे लागतो. गप्पांचा कार्यक्रम स्वस्त पडतो. त्यातून पुढच्या पिढीला शिकण्यासारखे काय उरते, हे ताळेबंदात दिसत नाही. आवडीनुसार ऐकण्याचे स्वातंत्र्य कोणीच नाकारत नाही. कार्यक्रम नंतर मिळावेत, जरूर मिळावेत. प्रश्न आधी काय घडते याचा आहे. ॲपसाठी घडवलेली मालिका पहिल्या दोन मिनिटांत गिऱ्हाईक धरण्यासाठी ओरडते. दिवसासाठी घडवलेल्या कार्यक्रमाला थांबता येते.

बीबीसीची सध्याची सनद २०२७च्या अखेरीस संपते. परवाना शुल्क दूरचित्रवाणी पाहणारी बहुतेक सगळी घरे भरतात. प्रत्येकाला ज्याचे त्यालाच द्यायचे असेल, तर सगळ्यांकडून पैसे घेण्याचा नैतिक आधार उरत नाही, कारण ते काम बाजार अधिक स्वस्तात करतो. अनोळखी विषय अनोळखी माणसापर्यंत नेणे एवढे एकच काम बाजार करत नाही. नव्या सनदेच्या वाटाघाटीत श्रोतृसंख्येचे तक्ते पुढे करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी हे काम वाचवावे. ते गेले तर बीबीसीकडे मोठे संग्रहालय आणि चांगले ॲप राहील, पण रेडिओ राहणार नाही.